पिवळ्या जमिनीचा लाल गालिचा

नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिसला क्रिस्टीज या लिलावघराने एक चिनी गालिचा विकला. सुमारे पाच मीटर लांब, चार मीटरांहून थोडा जास्त रुंद. सोनेरी-पिवळसर जमीन, तिच्यावर दोन ड्रॅगन आणि त्यांच्यामध्ये ज्वाळांनी वेढलेला मोती. शुल्क धरून किंमत गेली ६९ लाख युरोंच्या घरात. मिंग काळातला, बीजिंगच्या राजवाड्यातला म्हणून त्याची बातमी जगभर झाली. बातमीबरोबरचा फोटो पाहून बहुतेकांना काहीच खटकलं नसणार. पिवळा हा चिनी बादशहाचा रंग, हे आपण चित्रपटांतून आणि पर्यटनाच्या पत्रकांतून कधीच शिकलेलो आहोत. बादशहाचा गालिचा पिवळा असणारच.

तो पिवळा नव्हता. विणला तेव्हा त्याची जमीन लाल होती.

एवढ्या एका गोष्टीसाठी हे प्रकरण मांडतो आहे. जुन्या चिनी गालिच्यांवर लिहिताना बहुतेक लोक थेट नक्षीवर उडी मारतात: हा ड्रॅगन, हे कमळ, हा दीर्घायुष्याचा गोल. रंगाला ते जमीन समजतात, म्हणजे नक्षी मांडायची जागा. इथे रंग हाच नक्षीचा अर्धा अर्थ होता, आणि नेमका तोच अर्धा उडून गेला.

वस्तू कशी आहे

राजवाड्यासाठी विणलेल्या मिंग गालिच्यांचा एक लहानसा गट आज ओळखला जातो. बरेचसे बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातच आहेत. चीनबाहेर आलेले अगदी थोडे. पॅरिसचा गालिचा याच गटातला, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे साधारण वानली सम्राटाच्या सुमाराचा (राज्यकाळ १५७२ ते १६२०). या गालिच्यांचा ताणा रेशमाचा आणि लव, म्हणजे वर दिसणारे उभे तंतू, लोकरीची. पुढच्या काळातल्या चिनी गालिच्यांचा ताणा बहुतेक सुताचा असतो. जो धागा विणून झाल्यावर कुणाला दिसणारही नाही तो रेशमाचा घ्यायचा, यावरूनच गिऱ्हाईक कोण होतं ते कळतं.

गाठी मात्र बारीक नाहीत. इराणी किंवा काश्मिरी गालिचा पाहायची सवय असेल, तर चिनी गालिचा उलटा करून गाठी मोजणारा माणूस निराश होतो. इथे गाठी सैल, विरळ; काम बारीक नव्हे, ठसठशीत. इराणी विणकर जमिनीचा कण न् कण वेलींनी भरून टाकतो, चिनी विणकर मधली जागा मोकळी सोडतो आणि तिच्यात मोजक्या आकृत्या ठेवतो. मोकळी जागा हा तिथे आळस नव्हे, चित्रातल्या धुक्यासारखा तो रचनेचाच भाग असतो. म्हणूनच त्या मोकळ्या जागेचा रंग कोणता, हा प्रश्न चिनी गालिच्यात जास्त मोलाचा ठरतो. इराणी गालिच्याची जमीन विटली तर वेलींच्या गर्दीत ते खपून जातं. इथे विटणारी गोष्ट म्हणजे जवळजवळ अख्खा गालिचा.

ड्रॅगनला मराठीत धड शब्द नाही. नाग म्हणावं तर पाय आहेत, मगर म्हणावं तर आभाळात उडतो, राक्षस म्हणावं तर तो पाऊस देतो. चिनी लोक त्याला ‘लुंग’ म्हणतात आणि त्याच्या नखांवर त्यांचं बारीक लक्ष असतं. पाच नखांचा ड्रॅगन सम्राटाचा. चार नखांच्या ड्रॅगनला नावही वेगळं, ‘मांग’; तो राजपुत्रांनी आणि मानकऱ्यांनी वापरायचा. नियम पुढे ढिले पडत गेले. पण चिनी मातीच्या काही भांड्यांवर ड्रॅगनचं पाचवं नख नंतर घासून काढलेलं सापडतं. दरबारातली वस्तू बाहेर गेली की तिची पायरी अशी उतरवावी लागे.

कानाने वाचायची नक्षी

रंगाकडे वळण्याआधी चिनी नक्षी वाचायची कशी हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचा मुद्दा त्याच्यावर उभा आहे.

आपल्याकडे नक्षीतलं कमळ हे कमळ असतं. त्याचा अर्थ पुराणातून येतो. चिनी गालिच्यावरच्या बऱ्याच आकृत्यांचा अर्थ उच्चारातून येतो. वटवाघळाला चिनीत ‘फू’ म्हणतात आणि सुदैवालाही ‘फू’च. म्हणून आपण ज्याला अशुभ मानून हाकलतो ते वटवाघूळ तिथे लग्नाच्या भेटवस्तूंवर बसतं, आणि पाच वटवाघळं एकत्र आली की पाच सुखं झाली. मासा ‘यू’, आणि शिल्लक उरणं हेही ‘यू’. तेव्हा मासा म्हणजे घरात कधी काही कमी पडू नये. हरणाचा उच्चार ‘लू’, सरकारी पगाराचाही ‘लू’. फुलदाणी म्हणजे ‘फिंग’, शांतताही ‘फिंग’. डाळिंब, पीच आणि बोटांसारख्या फाट्यांचं ‘बुद्धाचा हात’ नावाचं लिंबू, ही तीन फळं एकत्र दिसली की पुष्कळ मुलं, दीर्घ आयुष्य आणि भरपूर सुख. काठावर स्वस्तिकांची साखळी असते. बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेल्या या चिन्हाचा उच्चार चिनीत ‘वान’, आणि दहा हजारालाही ‘वान’. काठभर स्वस्तिकं फिरवली की दहा हजार वर्षं, दहा हजार पिढ्या, काय हवं ते.

आपल्या पंतकवींना श्लेषाचं वेड होतं, पण श्लेष विणून पायाखाली अंथरण्याची कल्पना आपल्याकडे कुणी केलेली मला माहीत नाही. जो डोळ्यांनी फक्त पाहतो त्याला वटवाघूळ दिसतं. जो मनातल्या मनात उच्चारतो त्याला सुदैव ऐकू येतं.

आता मिंग घराण्याचं आडनाव घ्या. १३६८ मध्ये घराणं स्थापन करणारा झू युआनचांग गरीब शेतकऱ्याच्या पोटी जन्मला. त्याच्या आडनावाच्या ‘झू’ या अक्षराचा अर्थ लाल, शेंदरी, हिंगुळासारखा लाल. शिवाय पंचतत्त्वांच्या हिशोबात या घराण्याने स्वतःचा संबंध अग्नीशी जोडला होता, आणि अग्नीचा रंग पुन्हा लालच. म्हणजे या घराण्याच्या सम्राटाच्या पायाखालची लाल जमीन ही नुसती आवड नव्हती. माझ्या मते ती सही होती.

‘शाही पिवळा’ कुठून आला

मग पिवळ्याची समजूत इतकी घट्ट कशी बसली? ती निव्वळ मूर्खपणाने बसलेली नाही, हे आधी मान्य करू. मिंग सम्राटही पिवळे झगे घालत. त्यांची तशी चित्रं आहेत. राजवाड्याची कौलं पिवळी आहेत. पुढे १६४४ मध्ये मांचू लोकांचं चिंग घराणं आलं. त्यांनी तर पिवळ्याच्या छटांची उतरंडच लावली आणि लखलखीत पिवळा सम्राटासाठी राखून ठेवला. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांची आणि संग्राहकांची चिनी दरबाराशी ओळख झाली ती याच चिंग दरबाराशी. त्यांनी चिंगचा चष्मा लावून मिंगचा गालिचा पाहिला, आणि पिवळी जमीन दिसल्यावर त्यांना पटायला वेळ लागला नाही.

खरं तर राजवाड्याच्या आत उभं राहून पाहिलं असतं तर शंका यायला हवी होती. हा राजवाडा १४०६ ते १४२० या काळात बांधला गेला. वर पिवळी कौलं, पण भिंती लाल, लाकडी खांब लाल. मुख्य दालनांत जमिनीला सूचौहून आणलेल्या खास विटा आहेत. त्यांना नाव ‘सोन्याच्या विटा’, रंगाने मात्र त्या काळपट करड्या, घोटून गुळगुळीत केलेल्या. त्या काळपट जमिनीवर लाल गालिचा, त्याच्या चारी बाजूंना लाल खांब: असं ते चित्र होतं. पॅरिसच्या लिलावदालनातल्या पांढऱ्या उजेडात यातलं काहीच नव्हतं.

गुन्हेगार: पतंग

या गटातल्या गालिच्यांच्या धाग्यांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा आज पिवळट दिसणाऱ्या भागात एका ओळखीच्या लाकडाचा रंग सापडला. आपण त्याला पतंग म्हणतो, इंग्रजी व्यापारात सप्पान, चिनीत ‘सूमू’. दक्षिण भारतात आणि आग्नेय आशियात वाढणारं हे काटेरी झाड. केरळात त्याच्या लाकडाच्या ढलप्या पाण्यात उकळून गुलाबी पाणी पितात, ते तिकडे जाऊन आलेल्या मराठी माणसाने खानावळीत नक्कीच प्यायलेलं असेल.

पतंगाचं लाकूड ताजं तोडलं की फिकट असतं, हवेत राहिलं की तांबडं होतं. तुरटी लावलेल्या लोकरीवर त्याचा काढा चढवला की झकास लाल येतो. मंजिष्ठेपेक्षा सोपा, झटपट, आणि पहिल्या दिवशी तर तिच्याहूनही देखणा. खोट एकच, तो उजेडात टिकत नाही. प्रकाशाने रंगद्रव्य मोडत जातं आणि लाल आधी केशरी, मग बदामी, मग पिवळसर होतो. हळदीने रंगवलेलं कापड उन्हात वाळत घालून फसलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. कच्चा रंग आणि पक्का रंग हा भेद जगातल्या प्रत्येक रंगाऱ्याला ठाऊक होता.

चिनी रंगाऱ्यांनाही ठाऊक असणारच. मग त्यांनी राजवाड्याच्या गालिच्याला कच्चा रंग का वापरला? याचं एक उत्तर पुरवठ्यात सापडतं. पंधराव्या शतकात समुद्रमार्गे, विशेषतः सयामच्या (आजच्या थायलंडच्या) नजराण्यांतून, हे लाकूड चीनमध्ये इतकं येऊन पडलं की सरकारी कोठारं भरली. मिंग सरकारने मग अधिकाऱ्यांच्या पगाराचा काही भाग चक्क मिरी आणि पतंगाच्या लाकडात द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या शेवटी मिरीची पुरचुंडी आणि लाकडाचे ओंडके घेऊन घरी जाणारा कारकून डोळ्यांसमोर आणा. अशा देशात लाल रंगासाठी कुणी लांब शोधायला जाणार नाही.

दुसरा पुरावा लिखित आहे. मिंग काळाच्या अगदी शेवटी, १६३७ मध्ये, सुंग यिंगशिंग याने शेतीपासून धातुकामापर्यंतच्या उद्योगांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात रंगांच्या कृती आहेत. सर्वांत भडक लाल करडईच्या फुलांचा. त्याखेरीज ‘लाकडी लाल’ नावाचा रंग आहे: पतंगाचा काढा, त्यात तुरटी आणि मायफळ. म्हणजे ही चोरूनमारून केलेली भेसळ नव्हती. छापील ग्रंथात नोंदलेली, नावानिशी रूढ असलेली पद्धत होती.

तिसरं कारण माझा तर्क आहे. राजवाड्याच्या दालनांत ऊन खोलवर जात नाही. छपरं पुढे आलेली, खिडक्यांना कागद. तिथे पतंगाचा लाल कितीतरी दिवस लालच राहिला असेल. शिवाय चारशे वर्षांनी आपला गालिचा कुणीतरी दिव्याखाली टांगून पाहील, हा विचार रंगाऱ्याने करावा तरी कशाला?

या सगळ्यात नीळ मात्र जागची हलली नाही. निळीचा रंग पक्का. म्हणून या गालिच्यांवरचे निळे भाग आजही निळे आहेत. परिणाम मोठा गमतीशीर झाला. लाल आणि निळा शेजारी होते तेव्हा नक्षी ढोलताशासारखी घुमत असणार. लाल गेला, निळा राहिला, आणि उरलेली सोनेरी-निळी जोडी सौम्य, संयमी, ‘खास चिनी अभिरुची’ची वाटू लागली. कालाने केलेल्या अपघाताला आपण अभिरुची म्हणू लागलो.

गालिचा बाहेर कसा आला

१९०० मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडानंतर आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या आणि शहर लुटलं गेलं. त्या फौजांत ब्रिटिशांच्या हिंदी पलटणीही होत्या. १९१२ मध्ये शेवटचा सम्राट पूयी गादीवरून उतरला, पण १९२४ पर्यंत त्याला राजवाड्याच्या आतल्या भागात राहू दिलं होतं. ही मधली बारा वर्षं वस्तूंच्या दृष्टीने वाईट गेली. उत्पन्न आटलेलं, नोकरचाकर तितकेच. वस्तू गहाण पडत होत्या, विकल्या जात होत्या, चोरीला जात होत्या. १९२५ मध्ये राजवाड्याचं संग्रहालय झालं, तोवर बरंच काही शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत पोहोचलेलं होतं.

आपला गालिचा याच काळात, १९२० मध्ये, अमेरिकन वास्तुरचनाकार विल्यम वेल्स बॉसवर्थ यांनी बीजिंगमध्ये घेतला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या केंब्रिजमधल्या मूळ इमारती यांच्याच. पुढे अमेरिकन धनाढ्य रॉकफेलर यांच्या पैशातून व्हर्सायच्या राजवाड्याची दुरुस्ती झाली, त्या कामाची धुराही यांच्याकडे होती आणि ते फ्रान्सलाच राहिले. एका राजवाड्याची गळती थांबवणाऱ्या माणसाच्या घरात दुसऱ्या राजवाड्यातून गळलेला गालिचा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आपण त्याला हसलो असतो.

ठिकाण सुटलं की अर्थ सुटतो

चिनी गालिच्यांच्या बाबतीत हे एवढ्याच वस्तूचं झालेलं नाही. खांबांच्या गालिच्यांचं उदाहरण घ्या. निंगश्या आणि आसपासच्या वायव्य भागात, तिबेट-मंगोलियातल्या बौद्ध मठांच्या खांबांना गुंडाळण्यासाठी उंच, अरुंद गालिचे विणले जात. ते जमिनीवर पसरले की ड्रॅगन तुटलेला दिसतो: डाव्या कडेला शेपटीचा तुकडा, उजव्या कडेला पोटाचा, मध्ये डोकं. उभ्या कडांना काठ नाहीत. अर्धवट कापून आणलाय की काय, असं वाटतं. खांबाला गुंडाळा, दोन्ही कडा जुळवा, आणि ड्रॅगन खांबाला विळखा घालून वर चढतो. खाली लाटा आणि त्यांतून वर आलेले डोंगर, वरच्या टोकाला तोंडातून रत्नमाळा लोंबकळणारे मुखवटे. हे मुखवटे पाहून महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या उंबऱ्यावरची कीर्तिमुखं आठवली तर चूक नाही, कुळ एकच.

असे गालिचे पाश्चात्त्य घरांत भिंतीवर सपाट टांगले गेले. कधी दिवाणखान्यात आडवे अंथरले गेले. तिथे नक्षी शाबूत राहिली, रचना मोडली. आपल्या मिंग गालिच्यात उलट झालं: रचना शाबूत, रंग मोडला. दोन्हीकडे पाहणाऱ्याने समोर जे दिसलं तेच मूळ धरलं.

नक्कल कशाची

याचे पडसाद बाजारात उमटले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बीजिंग आणि तियानजिनमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी गालिच्यांचा मोठा धंदा उभा राहिला. पहिल्या महायुद्धात तुर्की आणि इराणी माल अमेरिकेला मिळेनासा झाला, तशी मागणी आणखी वाढली. १९२० च्या दशकात तियानजिनमधल्या वॉल्टर निकल्स यांच्यासारख्या अमेरिकन मालकांनी जाड लवेचे, जांभळ्या-हिरव्या-गुलाबी भडक जमिनींचे, एका कोपऱ्यातून फुलांची फांदी काढणारे गालिचे विणून घेतले. त्यांना जुन्या परंपरेचा दावा करायचाच नव्हता, आणि ते मला प्रामाणिक वाटतं.

त्याच काळात बीजिंगहून जाणारा दुसरा माल होता: बदामी, दुधी किंवा सोनेरी जमीन, निळी नक्षी, काठाला निळ्या पट्ट्या. हा ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणून खपे. यातला काही भाग निंगश्याच्या खऱ्याखुऱ्या पिवळ्या-निळ्या परंपरेतून आला, हे मान्य. पण काही भाग, मला वाटतं, विटलेल्या रंगांचीच नक्कल होता. शिवाय नवा माल रसायनांत धुऊन त्याचा झगझगाट मारायचा, की झाला जुना. लाल गालिचा उन्हाने पिवळा व्हायला शतकं लागली. धुलाईला एक दुपार पुरते.

मिंग गालिच्यांची मूळ ओळख पुन्हा बसायला त्या मानाने फार उशीर झाला. चीनमध्ये अभ्यासकांचं लक्ष चित्र, हस्ताक्षर, कांस्य, मातीची भांडी यांच्याकडे. गालिचा म्हणजे उत्तरेच्या भटक्या लोकांची आणि थंडीतल्या बैठकीची गोष्ट. २००५ मध्ये कोलोनच्या पूर्व आशियाई कला संग्रहालयात १४०० ते १७५० या काळातल्या चिनी दरबारी गालिच्यांचं खास प्रदर्शन भरलं. अशा प्रदर्शनांनंतर लिलावांच्या याद्यांत ‘मूळची लाल जमीन’ हे शब्द दिसू लागले.

आता करायचं काय

पुन्हा रंगवायचा प्रश्न येत नाही. ती दुरुस्ती नव्हे, बनावट होईल. उरलेला रंग सांभाळणं एवढंच हातात आहे. म्हणून संग्रहालयांत अशा कापडांवर पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपासचाच मंद उजेड ठेवतात आणि प्रदर्शनाचे महिने मोजून देतात. प्रेक्षक कुरकुरतात की नीट दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच उरलं आहे, हे त्यांना कुणीतरी दारातच सांगायला हवं.

दुसरं काम लेबल लिहिणाऱ्याचं. ‘पिवळी जमीन, दोन ड्रॅगन, मोती’ एवढं लिहिलं तर वर्णन अचूक आणि माहिती चूक. माझ्यावर असतं तर मी दोन ओळी लिहिल्या असत्या: जमीन आज सोनेरी पिवळी, विणताना लाल, पतंगाच्या लाकडाने रंगवलेली. आणि शेजारी त्या ‘झू’ अक्षराचा अर्थ.

जुना गालिचा तपासणारे लोक बोटांनी लव फाकवून मुळाशी पाहतात. वरचं टोक उजेडाने खाल्लेलं असतं. खाली, गाठीच्या कुशीत, जिथे कधी ऊन पोहोचलं नाही तिथे कधीकधी मूळ रंगाची रेघ शिल्लक असते. अशी रेघ सापडली की ती पाहावी, नोंदवावी आणि लव लगेच मिटून टाकावी.